दिवसा बोलणारा पिंगळा

लहानपणी पौषातल्या पहाटे आमच्या गल्लीत पिंगळा यायचा. पिंगळा म्हणजे पक्षी नव्हे, माणूस. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडबुडं, खांद्यावर घोंगडी. अंधारातच दारापुढे उभा राहायचा आणि घरातल्यांचं बरंवाईट एका दमात सांगून टाकायचा. आजी सूपभर ज्वारी घेऊन बाहेर यायची. हे सगळं त्याला कोण सांगतं, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "चिंचेवरचा पिंगळा. त्याला पाखराची भाषा समजते."

पुढे शाळेत गेलो तसं हे थोतांड आहे, हे कळलं. पण एक गोष्ट मनातून गेली नाही. एक माणूस पहाटे उठून एका पाखराचं बोलणं कान देऊन ऐकतो आणि त्यावर त्याचं पोट चालतं. खानदेशातल्या एका पाखराच्या बाबतीत विद्वानांना हेच जमायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

ते पाखरू म्हणजे रानपिंगळा. काही याद्यांत त्याला वनपिंगळा म्हटलेलं आढळतं. चिंचेवरच्या पिंगळ्याचाच हा भाऊबंद, पण गावात न राहणारा.

२५ नोव्हेंबर १९९७. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या विरळ झालेल्या जंगलात तीन अमेरिकन पक्षिअभ्यासक सकाळी फिरत होते: पामेला रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. झाडाच्या उघड्या फांदीवर उन्हात बसलेलं घुबड आधी दिसलं किंग यांना. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोटाखालचा भाग पांढरा स्वच्छ, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, पाय जाडजूड आणि पिसांनी झाकलेले. रासमुसन यांनी हे सगळं आधी पाहिलेलं होतं, पण ते संग्रहालयांच्या खणांत पाठीवर झोपवून ठेवलेल्या, पायाला चिठ्ठी बांधलेल्या कातड्यांवर. जिवंत रानपिंगळा १८८४ नंतर कुणी पाहिल्याचा विश्वासार्ह पुरावा नव्हता. एकशे तेरा वर्षं.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे सात महिन्यांनी. त्यामुळे हा शोध कागदावर तरी धुळ्याच्या खात्यात जमा होतो. नंदुरबारकरांनी रागावू नये, पाखरू अजून त्यांच्याकडेच आहे.

या पाखराची नोंद पहिल्यांदा झाली खानदेशापासून फार लांब. १८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एक नमुना मिळवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलं गेलं तेच. राजकारणाच्या पुस्तकात भेटणारा हा माणूस आयुष्याची बरीच वर्षं पाखरं मोजत होता, हे आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही.

पण रानपिंगळ्याचं खरं गाव सापडलं ते जेम्स डेव्हिडसन यांना. ते मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी, नेमणूक खानदेशात. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ मध्ये पडले. दौऱ्यावर असताना बंदूक आणि वही बरोबर ठेवायची, हा त्या काळच्या साहेबांचा रिवाज. डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी तयार केली आणि शहादा-तळोदा पट्ट्यातून रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याचे जेमतेम सात खरे नमुने, आणि त्यांतले बहुतेक एकट्या डेव्हिडसन यांचे. १८८४ मध्ये त्यांनी मिळवलेला नमुना शेवटचा. नंतर सामसूम.

सामसूम म्हणावी, तर मध्ये एक नोंद होती आणि तिनेच घोळ घातला. ब्रिटिश सैन्यातले कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागन हे पक्षिजगतातलं मोठं नाव. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ आपण रानपिंगळा मिळवला, असा त्यांचा दावा होता, आणि तो नमुना त्यांच्या संग्रहात होताही. साहजिकच नंतरच्या शोधकांची पावलं तिकडे वळली. सलीम अली आणि त्यांचे सहकारी डिलन रिप्ली यांनीही या पक्ष्याचा माग काढला, हाती काही लागलं नाही.

रासमुसन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना नव्याने तपासला. कातडं एकदा उसवून पुन्हा शिवलेलं होतं. आतला भरणा बदललेला, पण जुन्या कारागिरीच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नव्हत्या. आणि ती कारागिरी होती डेव्हिडसन यांची. प्रत्येक शिंप्याचा टाका वेगळा असतो, तसा पक्षी भरणाऱ्याचाही हात ओळखू येतो. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसन यांचा एक नमुना गायब होताच. कर्नलसाहेबांनी तो उचलला, पुन्हा शिवला आणि नवी चिठ्ठी लावली. १९९९ मध्ये हे सगळं रीतसर छापून आलं.

मांडवी खोटी ठरल्यावर खऱ्या जागा तेवढ्या उरल्या. रासमुसन आणि सोबती आधी पूर्वेकडे ओडिशा-छत्तीसगडात हिंडले, काही मिळालं नाही. मग खानदेश. एका चोराच्या चिठ्ठीने अनेक वर्षं वाट चुकवली होती आणि डेव्हिडसन यांच्या जुन्या चिठ्ठ्यांनी ती पुन्हा शहाद्याला आणून सोडली.

मला या सगळ्यात खटकते ती दुसरीच गोष्ट. सात कातडी होती, मोजमापं होती, पिसांचे रंग लिहिलेले होते. पण हा पक्षी बोलतो कसा, याची एकही ध्वनिफीत १९९७ पर्यंत नव्हती. बंदुकीने मिळवलेलं पाखरू गप्पच असतं. आणि घुबडांच्या बाबतीत आवाज म्हणजे अर्धी ओळख. जंगलात घुबड दिसतं एकदा, ऐकू येतं दहादा.

ती उणीव भरून निघाली ती रासमुसन आणि फराह इश्तियाक यांच्या कामाने. त्यांनी रानपिंगळ्याच्या आवाजांवर आणि सवयींवर १९९९ मध्ये लेख लिहिला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे इश्तियाक, असद रहमानी आणि नंतर गिरीश जठार यांनी तोरणमाळ आणि आसपासच्या जंगलांत या पक्ष्याचा पाठपुरावा केला. त्यातून जे कळलं ते घुबडाबद्दलच्या आपल्या समजाला धक्का देणारं आहे. हा पक्षी रात्रीचा नव्हेच. थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीच्या टोकाला ऊन खात बसतो, दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे, छोटे पक्षी असं त्याचं खाणं. विणीच्या काळात मादी ढोलीत बसते आणि नर तिला घास आणून देतो. चिडला की शेपटी झटक्याने या बाजूला, त्या बाजूला. अधूनमधून आपलीच पिल्लं खाल्ल्याचीही नोंद झाली आहे.

आवाज कागदावर उतरवणं अवघड, तरी प्रयत्न करतो. गावातला पिंगळा म्हणजे भांडकुदळ शेजारीण. चिर्र, चिरूक, चिर्र, एकावर एक, दोघं-तिघं मिळून. सातपुड्यातच दुसरं एक छोटं घुबड आहे, अंगभर बारीक पट्ट्यांचं. त्याचा आवाज उतारावरून गडगडत येणाऱ्या गोट्यासारखा, हळू सुरू होऊन वेग घेत जाणारा. रानपिंगळ्याचं गाणं या दोघांसारखं नाही. रिकाम्या मडक्यात तोंड घालून एकदाच 'उऽव्' म्हणावं, तसा आखूड, गोल, गोड स्वर. कधी त्याचे दोन तुकडे: उ-वूऽव्. मग थांबतो. जोडीदाराशी बोलताना वेगळाच, 'क्वाक' करून मागे एक बारीक 'क्क' लावणारा. आणि कावला की कर्कश, लांबवलेली किंकाळी.

मी हे पुस्तकातून शिकलो आणि मग यावलच्या जंगलात गेलो. जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला फैजपूर, सावदा, रावेर सोडलं की केळीच्या बागा संपतात आणि सातपुड्याची निळी भिंत उभी राहते. १९६९ मध्ये इथे अभयारण्य झालं, साधारण १७७ चौरस किलोमीटरचं. साग, सालई, धावडा, मोई आणि अंजन. अंजनाची जोडपानं खाली झुकलेली, लांबून झाड दमल्यासारखं वाटतं. पश्चिमेला शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं अभयारण्य आहे, धुळे जिल्ह्यातलं, यापेक्षा लहान. माझा मुक्काम पालला, सुकी नदीच्या अंगाला.

बरोबर एक पावरा आदिवासी दादा होते. साठीचे, गुरं वळून सगळं रान पाठ झालेले. मी मोबाइलवर रानपिंगळ्याचं चित्र दाखवलं. त्यांनी चित्राकडे फार पाहिलं नाही, आवाज आहे का, म्हणाले. ऐकवला. मान हलली. माझ्याशी ते अहिराणीत बोलत: "हाऊ रातना नही. हाऊ दिनना शे." हा रात्रीचा नाही, दिवसाचा. विद्वानांनी कष्टाने छापलेलं वाक्य त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितलं.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या कडेला, सागाची पानं वाळून चुरमुरत होती अशा जागी, मी ध्वनिफीत लावली. आवाज मोठा केला. चौथ्या-पाचव्या वेळी समोरच्या सालईवर तो आला. इतका जवळ की पायावरची पांढरी पिसं दिसली. शेपटी झटकत होता. मी छायाचित्रं काढत राहिलो आणि ध्वनिफीत वाजत राहिली. तो एका फांदीवरून दुसरीवर, माझ्या डोक्यावरून, पुन्हा सालईवर. वीसेक मिनिटं. दादा मागे उकिडवे बसले होते. शेवटी म्हणाले, "बंद कर भो. तो तुले हाकली राहिना." तो तुला हाकलतोय.

मी खजील झालो. त्याच्या हद्दीत शिरलेला दुसरा नर कुठे लपलाय, हे तो वीस मिनिटं शोधत होता. थंडीचे दिवस, विणीचा काळ. कुठल्याशा ढोलीत मादी बसलेली असेल, तर तिच्या तोंडात तेवढ्या वेळात एक सरडा पडला असता. आजकाल दुर्मीळ पक्ष्यांमागे धावणाऱ्यांत हे सर्रास चालतं, छोटे स्पीकरसुद्धा बरोबर असतात. मी त्यांना नावं ठेवायचो. त्या दिवशी मीही त्यांच्यातलाच एक झालो. त्यातलं एक छायाचित्र फार सुरेख आलंय. कुणाला दाखवलेलं नाही.

या पक्ष्याला माझ्यासारख्या हौशींपेक्षा मोठे वैरी आहेत. सपाटीवरचं आणि पायथ्याचं विरळ सागवानी जंगल हेच त्याचं घर, आणि नांगराखाली आधी जातं तेही हेच. तळोद्याची हजारो हेक्टर वनजमीन १९९० नंतर सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी दिली गेली. त्या माणसांची गावं बुडाली होती, त्यांना कुठेतरी जागा हवीच होती. पाखराची बाजू घेताना हे विसरून चालत नाही. आणि पाखराला दुसरीकडे प्लॉट मिळत नाही, हेही. यावलच्या जंगलातही अतिक्रमणाचा प्रश्न जुना आहे. जुनी, पोकळ झाडं तुटली की ढोल्या संपतात.

आणि दिवाळी. लक्ष्मीचं वाहन म्हणून ज्याला आपण चित्रात बसवतो, त्याच घुबडाचा लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला तंत्रमंत्रासाठी बळी देणारे लोक देशात आहेत. अब्रार अहमद यांनी ट्रॅफिक या संस्थेसाठी केलेला २०१० चा अहवाल या व्यापारावरच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबडाला संरक्षण असलं तरी बाजार चोरून चालतो. दिवाळीच्या तोंडावर तो तेजीत येतो.

थोडं बरंही घडलं आहे. कानांना सूर माहीत झाला, तसा पक्षी नव्या जागी सापडू लागला. मेळघाटात, मध्य प्रदेशात खांडवा-बुऱ्हाणपूरच्या बाजूला, आणि २०१४ मध्ये तर थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. जागतिक यादीतला अतिसंकटग्रस्त हा शिक्का २०१८ मध्ये संकटग्रस्त असा एक पायरी खाली आला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, जास्त ठिकाणी दिसले म्हणून. तरीही जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

गेल्या माघात पुन्हा पालला गेलो. मोबाइल पिशवीत, बंद. सकाळी साडेसात वाजता दादा आणि मी त्याच नाल्यावर बसलो. दादांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. पहिला अर्धा तास काहीच नाही. मग कानाला सवय झाली तसं रान भरायला लागलं: वाळल्या पानावर पडणारं दव, सुताराची ठकठक, लांब कुठे गुरांच्या गळ्यातल्या घंटा, सातभाईंची कुरबूर. एक भुंगा. आठ वाजून गेल्यावर वरच्या अंगाने 'उऽव्'. दादांनी बोट वर केलं, माझ्याकडे न पाहता. बराच वेळ गेला. पुन्हा 'उऽव्', आणि पलीकडच्या टेकडीवरून, अगदी पुसट, त्याला उत्तर.

परतताना पालच्या फाट्यावर चहा घेतला. टपरीवाल्याने दादांना विचारलं, "दिसना का पाहुणाले?"

"दिसना नही," दादा बशीत चहा ओतत म्हणाले, "दोन बोलनात."