पोकळीचे मोल

मडक्याचा उपयोग त्याच्या मातीत की मातीने वेढलेल्या पोकळीत, हा प्रश्न घटाकाशाचा दृष्टांत ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला नवा नाही. रसायनशास्त्राने तो प्रयोगशाळेत नेला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या परिश्रमास नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन, क्योटोचे सुसुमु कितागावा आणि बर्कलेचे ओमर याघी हे त्याचे मानकरी. धातूंचे सांधे आणि सेंद्रिय रेणूंच्या तुळया जोडून त्यांनी असे स्फटिक उभारले, की ज्यांच्या दालनांतून इतर रेणूंनी खुशाल ये-जा करावी.

या दालनांचा रुग्णाशी संबंध काय, असे कोणी विचारील. गोमंतकाने तरी विचारू नये. मे २०२१ मध्ये प्राणवायूसाठी झालेली धावाधाव आम्ही विसरलेलो नाही. त्या सुमारास देशभर रुग्णालयांच्या आवारांत प्राणवायूची जी संयंत्रे उभी राहिली, त्यांच्या पोटात झिओलाइट हाच सच्छिद्र पदार्थ असतो. दाबाखाली हवा सोडली, की तिच्यातील ७८ टक्के नत्रवायू त्याच्या छिद्रांत अडकतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. मूत्रपिंड दुबळे झालेल्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढले, तर हृदयच थांबण्याचे भय. झिर्कोनियमचे सच्छिद्र सिलिकेट ते आतड्यातच टिपून घेते. अमेरिकेने या औषधास २०१८ मध्ये मान्यता दिली. हाफ्नियमयुक्त जाळीदार कण अर्बुदात टोचून क्ष-किरणांचा मारा अधिक परिणामकारक करण्याचा शिकागोतील प्रयत्नही मानवी चाचण्यांपर्यंत पोचला आहे. मात्र चाचणी म्हणजे उपचार नव्हे, हे आशेने व्याकुळ झालेल्या आप्तांस सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आम्हांस खंत वाटते ती निराळीच. पुणे-नाशिककडील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत निसर्गाने झिओलाइटचे देखणे स्फटिक भरून ठेवले आहेत. जगभरचे संग्राहक ते हौसेने नेतात. आणि २०२१ च्या संकटात संयंत्रांना लागणारा कृत्रिम झिओलाइट मात्र आपणांस विमानाने परदेशांतून आणावा लागला! पाषाण आमचा, विद्या परक्याची.

रॉब्सन यांना मूळ कल्पना सुचली ती १९७४ मध्ये, विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांचे नमुने करविताना. पहिला निबंध प्रसिद्ध झाला १९८९ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत त्यांस 'याचा उपयोग काय?' असे दरवर्षी दरडावून विचारले गेले असते, तर हे बीज रुजते ना. आमच्या विद्यापीठांतील संशोधकांना अनुदान देताना राज्यकर्त्यांनी एवढा धीर बाळगावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपले पूर्वज सांगून गेले. त्या दिवसांत आपण ते प्राणांचे मोल देऊन शिकलो आहोत.