मटण सुटलं, तेलाचं काय?

श्रावणात मटण सोडलं की वजन उतरेल, असं जळगाव-धुळ्यात अनेकांना वाटतं. उतरूही शकतं. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथातल्या ६० हजारांवर लोकांच्या पाहणीत (२००९) मांसाहारींचा सरासरी बीएमआय २८.८ होता, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारींचा २५.७.

आपल्या ताटात मात्र मटणाच्या जागी शेवभाजी येते. शेव आधीच तळलेली, वर तर्रीचा जाड थर. वरण-बट्टीची बट्टी तर उकडून, कापून पुन्हा तेलात तळायची आणि वर तूप सोडायचं! एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तुपाचा हिशेबही जवळपास तोच.

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे वांगं नुसतं भाजलं तर अगदी हलकं. जड होतं ते फोडणीतल्या तेलाने आणि शेंगदाण्यांनी. तेव्हा भरीत खुशाल खा, तेल मोजून घाला. सोबत कळण्याची भाकरी हवीच. ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेला असल्याने प्रथिनं आणि तंतू मिळतात, लवकर भूक लागत नाही.

कायमचं शाकाहारी होणार असाल, तर दूध-दही सोडू नका. बी-१२ जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही. डॉक्टरांना विचारून रक्तातलं प्रमाण तपासून घ्या.