मानसिक आरोग्य, शालेय

शालेय वयातील मुलामुलींच्या मानसिक अस्वास्थ्याची वेळीच दखल घेऊन त्यांना शाळा, कुटुंब व आरोग्यसेवा यांच्याकडून मिळणारे साहाय्य परस्परांशी जोडून देणाऱ्या व्यवस्थेस शालेय मानसिक आरोग्य सेवा म्हणतात. तीत समन्वयाला विशेष महत्त्व आहे. कारण उपचार बहुधा शाळेबाहेर होतात, परंतु अस्वास्थ्याची चिन्हे पुष्कळदा प्रथम शाळेत दिसतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर (१८६७–१९५६) यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढलेल्या चिकित्सालयाकडे आलेला पहिला विद्यार्थी हा शब्दांच्या वर्णलेखनात सतत चुकणारा मुलगा होता व त्यास त्याच्या शिक्षिकेनेच तेथे आणले होते. शिक्षक व मानसशास्त्रज्ञ यांच्या सहकार्याची परंपरा इतकी जुनी आहे. भारतात मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (आताची टाटा समाजविज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले.

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेतासंस्था विज्ञान संस्थेने (निम्हॅन्स) २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७·३ टक्के आढळले; म्हणजे चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरीने सु. तीन. यांपैकी दंगा करणारा मुलगा शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो. गप्प राहणारी, वारंवार पोट किंवा डोके दुखते म्हणून घरी जाणारी मुलगी मात्र ‘शहाणी’ समजली जाते.

समन्वयाची साखळी कोठे तुटते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. नववीतील एका विद्यार्थिनीची उपस्थिती अचानक घटते. वर्गशिक्षिका मुख्याध्यापकांना सांगतात; मुख्याध्यापक पालकांना बोलावतात; पालक ‘अभ्यासाचा ताण आहे’ एवढेच सांगून परततात. पुढे समुपदेशकाच्या सांगण्यावरून तिला जिल्हा रुग्णालयात नेले जाते. तेथे औषध सुरू होते. परंतु त्या औषधाने सकाळी गुंगी येते, हे शाळेला कोणी कळवीत नाही आणि पहिल्या तासाला पेंगते म्हणून तिला वर्गाबाहेर उभे केले जाते. या सर्व प्रवासात कोणीही हयगय केलेली नाही, तरीही मुलगी एकटीच राहिली आहे. म्हणून प्रत्येक शाळेत अशा विद्यार्थ्यांचा पाठपुरावा करणारी एक निश्चित व्यक्ती असावी, तसेच विद्यार्थ्यास बाहेर पाठविताना दिलेल्या चिठ्ठीचे उत्तर ठराविक मुदतीत शाळेकडे परत यावे, या दोन गोष्टी अत्यावश्यक ठरतात. समन्वयक हे पद केवळ सूचनाफलकावर असून भागत नाही.

परत येणाऱ्या उत्तरात किती सांगावे, हा नाजूक प्रश्न आहे. निदान शिक्षककक्षात चर्चिले गेले, तर मूल पुन्हा कोणाजवळही मन मोकळे करणार नाही. शाळेला निदानाची नव्हे, तर वर्गात काय करावे याची माहिती हवी असते : गृहपाठात सवलत, बसण्याची जागा, कोणाशी बोलता येईल इत्यादी. मात्र गोपनीयतेला मर्यादा आहेत. जिवाला धोका असल्यास पालकांना सांगावेच लागते आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. समुपदेशकाने हे पहिल्याच भेटीत विद्यार्थ्यास सांगणे प्रामाणिकपणाचे होय. याउलट आत्महत्येचा प्रयत्न झाल्यास पोलीस-चौकशीच्या भीतीने तो दडवला जातो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, हे अनेक शाळांना ठाऊक नसते.

भारतात योजनांची वाण नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. किशोरवयीनांसाठीची आरोग्यकेंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाचा ‘मनोदर्पण’ हा उपक्रम आला. त्याच वर्षीच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची तरतूद आहे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ (१४४१६) ही दूरध्वनिसेवा उपलब्ध आहे. यांतील काही शिक्षण खात्याच्या, तर काही आरोग्य खात्याच्या योजना असल्याने एकाच मुलाची नोंद दोन वह्यांत होते, पण त्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. ग्रामीण व एकशिक्षकी शाळांच्या दृष्टीने यांतील दुसरा भागच अधिक महत्त्वाचा आहे. फिनलंडमध्ये २०१४ पासून अंमलात असलेल्या कायद्याने विद्यार्थ्यास सात शालेय दिवसांत, निकड असल्यास त्याच वा दुसऱ्या दिवशी, मानसशास्त्रज्ञाशी बोलण्याची संधी मिळालीच पाहिजे असे ठरवले. आपल्याकडे अशी मुदत घातलेली नाही.

दहावीनंतर विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात गेला, की आधीचा धागा बहुधा तुटतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अशी नोंद करणे सर्वथा अयोग्य. परंतु विद्यार्थ्याच्या व पालकांच्या संमतीने जुन्या शाळेतील समन्वयक नव्या संस्थेतील समन्वयकाशी प्रवेशाच्या वेळीच बोलू शकतो.