भारतीय नौदलातील संक्षेप, संकेत व बोली

भारतीय नौदलातील संक्षेप, संकेत व बोली हे नौसैनिकांच्या दैनंदिन शब्दव्यवहाराचे तीन वेगळे प्रकार आहेत. या तिन्हींना सरसकट 'गुप्त भाषा' समजले जाते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक शब्दांचा हेतू अर्थ लपवणे नसून तो थोडक्यात व अचूक पोहोचवणे हा असतो. पुणे जिल्ह्यातील लोणावळा परिसरात असलेली 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था याचे ठळक उदाहरण होय.

संक्षेप

'आयएनएस' म्हणजे 'इंडियन नेव्हल शिप', अर्थात भारतीय नौदलाचे जहाज. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असूनही तेथील संस्थेच्या नावात 'जहाज' आहे. किनाऱ्यावरील आस्थापनांना जहाजाचा दर्जा देण्याची ही प्रथा ब्रिटिश नौदलाकडून आली. तेथे शिस्तीचा कायदा जहाजाच्या पटावरील व्यक्तींना लागू होत असे. त्यामुळे जमिनीवरील तळही कागदोपत्री जहाज मानला जाई. अशा तळास इंग्रजीत 'स्टोन फ्रिगेट' (दगडी युद्धनौका) म्हणतात.

ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी 'एचएमआयएस शिवाजी' या नावाने कार्यान्वित झाली. 'एचएमआयएस'चा अर्थ 'ब्रिटिश सम्राटांचे भारतीय जहाज' असा होता. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यावर त्याजागी 'आयएनएस' आले. अशा प्रकारे संक्षेपातील अक्षरांच्या बदलातून सत्तांतराचीही नोंद झाली.

बोली

नौदलाच्या बोलीत स्वयंपाकघर म्हणजे 'गॅली', जमीन म्हणजे 'डेक' आणि शौचालय म्हणजे 'हेड्स'. कामाच्या वेळेनंतर बाहेर जाण्याच्या परवानगीस 'लिबर्टी' म्हणतात. किनाऱ्यावरील तळांतही हेच शब्द रूढ असल्याने नवीन प्रशिक्षणार्थींना जहाजावरील जीवनाची सवय होते.

संकेत

'अल्फा', 'ब्राव्हो', 'चार्ली' ही आंतरराष्ट्रीय उच्चारमाला १९५६पासून प्रचलित आहे. ती गुप्त नाही. बिनतारी संभाषणात 'बी' व 'डी' किंवा 'एम' व 'एन' यांसारखी अक्षरे ऐकताना गल्लत होऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे. युद्धनौकांवरील क्रमांकांतील अक्षर नौकेचा प्रकार दर्शवते. उदाहरणार्थ, 'आयएनएस कोलकाता'च्या 'डी ६३' या क्रमांकातील 'डी' विनाशिकेसाठी आहे.

अर्थभेद

एकच शब्द निरनिराळ्या दलांत भिन्न अर्थाने वापरला जातो. भूदलातील कॅप्टन हा नौदलातील लेफ्टनंटच्या समकक्ष असतो, तर नौदलातील कॅप्टन हा भूदलातील कर्नलच्या समकक्ष. त्यामुळे बातमी किंवा दस्तऐवज वाचताना संबंधित दल लक्षात घेणे आवश्यक ठरते.

महत्त्व

'एनबीसी' हा संक्षेप आण्विक, जैविक व रासायनिक धोक्यांसाठी वापरला जातो. त्यांपासून बचावाच्या प्रशिक्षणासाठी आयएनएस शिवाजी येथे २०१८ मध्ये 'अभेद्य' ही सुविधा सुरू झाली. आग, गळती किंवा विषारी वायूच्या प्रसंगी आदेशाचा एकच अर्थ निघणे हा जीवितरक्षणाचा प्रश्न असतो. त्यामुळे नौदलात ठरावीक शब्दांच्या काटेकोर वापरावर भर दिला जातो.