टँकरवरचा आकडा, नागपूरची शाळा आणि आपली वस्ती

मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणाऱ्या महामार्गावर टँकर सारखे धावत असतात. पुढच्या वेळी एखाद्या टँकरची मागची बाजू नीट पाहा. तिथे एक चौकोनी फलक असतो. त्यावर धोक्याचे चित्र, चार आकडी क्रमांक आणि फोन नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन. १००५ म्हणजे अमोनिया. १०७५ म्हणजे आपल्या चुलीचा गॅस. हे आकडे आपल्या आरटीओने ठरवलेले नाहीत. ते संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ठरवले आहेत आणि जपान असो, ब्राझील असो की आपला मलकापूर, सगळीकडे तेच आहेत. टँकर उलटला, ड्रायव्हर बेशुद्ध पडला, तरी धावत आलेल्या माणसाला आत काय आहे हे लांबूनच कळावे, एवढाच त्यामागचा हेतू.

विषारी वायू, रोगजंतू आणि किरणोत्सार या तीन संकटांत माणसे कशी वाचवायची, हे शिकवण्यासाठी देश एकमेकांना मदत करतात. हा विषय मोठ्या लोकांचा वाटतो. पण अशा संकटात पहिला सापडतो तो कारखान्याला लागून राहणारा, फवारणी करणारा, भंगार वेचणारा आणि गटारात उतरणारा. म्हणजे आपल्याच वस्तीतला माणूस. म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

दीक्षाभूमीला आपण दरवर्षी जातो. त्याच नागपुरात १९५७ साली राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयाची सुरुवात झाली. आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, अकादमीही नागपुरातच आहे. हे दल २००६ साली उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगाव भागात असते. पुरात होडी घेऊन येणारे जवान आपण टीव्हीवर पाहतो. रासायनिक आणि अणुसंकटाचे वेगळे प्रशिक्षणही या दलाला दिले जाते, हे मात्र फार जणांना माहीत नसते.

त्यांचा पहिला धडा ऐकायला कठोर वाटेल: धावत जाऊ नका. आधी वारा कोणीकडून येतो ते पाहा. वायू कोणता ते यंत्राने किंवा फलकावरून ओळखा. मग जागेचे तीन पट्टे आखा. आतला धोक्याचा, मधला धुण्याचा, बाहेरचा सुरक्षित. आतल्या पट्ट्यात अंग झाकणारा पोशाख आणि पाठीवर हवेची टाकी असल्याशिवाय कोणी जायचे नाही, आणि एकट्याने तर नाहीच. रुग्ण बाहेर आणला की मधल्या पट्ट्यात कपडे उतरवून त्याला धुवायचे आणि मगच डॉक्टरच्या हाती द्यायचे. पोशाख घालणे सोपे असते, काढणे अवघड. बाहेरची बाजू अंगाला लागू न देता तो काढावा लागतो. कोरोनात नर्स भगिनींनी पीपीई किटवर हेच शिकून घेतले.

हे नियम कुठल्या पुस्तकी माणसाने बसून लिहिलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे कुठेतरी माणसे मेली आहेत. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सरिन नावाचे विष सोडले. एकाच रुग्णालयात त्या दिवशी ६०० हून अधिक रुग्ण आले. बरेच जण चालत, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने पोचले. त्यांना धुतले नव्हते, कपडेही तेच होते. त्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने डॉक्टर आणि नर्सचेच डोळे चुरचुरू लागले, दिसणे अंधुक झाले. तेव्हापासून धुण्याची व्यवस्था रुग्णालयाच्या दारात हवी, हे जगभर शिकवले जाते.

सरिन हे नाव आपल्याला परके, पण त्याची भावकी आपल्या शेतात आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कपाशीवरची औषधे त्याच कुळातली, ऑरगॅनोफॉस्फेट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. मी नोकरीत असताना फवारणीचे असे रुग्ण पाहिले आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, घाम, उलट्या, छातीत घरघर. नातेवाईक त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून आणायचे आणि अंगात औषधाने भिजलेला तोच शर्ट असायचा. टोकियोत जे झाले तेच इथे व्हायचे, फक्त त्याची बातमी व्हायची नाही. अशा रुग्णाचे कपडे शेतातच काढा. काढताना हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा. शर्ट डोक्यावरून न ओढता कात्रीने कापा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवा. नुसते कपडे काढल्यानेच अंगावरचे बहुतेक विष दूर होते. वेळ मात्र दवडू नका. धुणे काही मिनिटांचे, दवाखाना त्याच क्षणी गाठायचा. औषधाची बाटली सोबत न्या. अट्रोपिनचे इंजेक्शन लवकर मिळाले तर माणूस वाचतो.

आता परदेशी मदतीचे. रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. १९३ देश त्यात आहेत. नेदरलँड्समधल्या हेग शहरात त्याची संस्था आहे, तिला २०१३ साली शांततेचे नोबेल मिळाले. भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. या कराराचे दहावे कलम आपल्या कामाचे आहे: कोणावर रासायनिक संकट आले तर इतरांनी मदत करायची, आणि बचाव कसा करायचा हे एकमेकांना शिकवायचे. त्यानुसार स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक असे देश इतरांच्या प्रशिक्षकांना बोलावून सराव देतात, आणि ते प्रशिक्षक घरी जाऊन आपल्या लोकांना शिकवतात. किरणोत्साराच्या बाबतीत व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हेच काम करते. चेर्नोबिलनंतर १९८६ मध्ये तसा मदतीचा करार झाला. २०११ साली जपानमध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात एकदम झाला, तेव्हा एनडीआरएफचे ४६ जणांचे पथक ओनागावा गावी गेले. दलाची ती पहिली परदेशी मोहीम. म्हणजे आपण फक्त शिकणारे नाही, जाऊन मदत करणारेही आहोत.

भंगाराचा धंदा करणाऱ्या घरांनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या कॅन्सर दवाखान्यातले यंत्र दोघांनी उचलून भंगारवाल्याला विकले. आतली भुकटी अंधारात निळी चमकत होती. ती सीझियम होती. लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. माणसे आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोला संशय आला. ती वस्तू पिशवीत घालून बसने ती थेट आरोग्य खात्यात गेली. तिच्यामुळे प्रकार उघड झाला, पण ती वाचली नाही. एका सहा वर्षांच्या मुलीसह चौघे मेले. १,१२,००० लोकांना स्टेडियमवर तपासावे लागले. ब्राझीलने बाहेरून तज्ज्ञ बोलावले, आणि त्या अनुभवावरून आज जगभर धडे दिले जातात.

तरीही २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात तेच घडले. विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट होते. एक कामगार मेला, बाकीचे भाजले. विद्यापीठातल्या शिकलेल्या माणसांची चूक, आणि जीव गेला भंगार फोडणाऱ्याचा. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांच्या पंख्यासारखे चिन्ह दिसले, किंवा आकाराच्या मानाने फारच जड असा शिशाचा डबा आला, तर तो फोडू नका. लांब व्हा, लेकरांना दूर करा, ११२ ला फोन करा. आग नसताना चामडी भाजल्यासारखी झाली आणि उलट्या लागल्या, तर डॉक्टरला भंगाराचे आवर्जून सांगा. नाहीतर तो त्वचारोगाचे मलम देऊन परत पाठवेल.

आणि गटार? एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण वाचून सवयीच्या झालो आहोत. तिथला हायड्रोजन सल्फाईड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढले की नाकच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे नव्हे. जुन्या विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीतही असाच धोका असतो. तिथे ओला रुमाल किंवा साधा मास्क कामाचा नाही. हवेची टाकी पाठीवर हवी आणि कमरेला दोर हवा. जवानाला जो पोशाख मिळतो तो सफाई कामगाराला का मिळत नाही, हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारते. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. ती मागून घ्या, पण त्याआधी उतरायला नकार द्या.

आपल्या गावाजवळ काय आहे तेही पाहून ठेवा. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची सिलिंडरे असू शकतात, बर्फाच्या कारखान्यात अमोनिया. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळ बंदराच्या गोदामात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराच्या आसपास लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो नाल्यात, खोलगट जागी साचतो. म्हणून नाल्याकडे पळू नका, उंचावर जा. वाऱ्याच्या पुढे धावू नका, कारण वायू तुमच्या मागेच येतो. वाऱ्याला आडवे चालत बाजूला व्हा. नाका-तोंडावर ओले फडके धरा. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री एवढी साधी गोष्टही लोकांना कोणी सांगितली नव्हती.

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. महिला मंडळाने किंवा युवक मंडळाने त्यांना अर्ज द्यावा: आमच्या वस्तीत सराव घ्या, आणि सरावाला सफाई कामगार, भंगारवाले, फवारणीवाले यांना बोलवा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१. फोनवर इतके सांगा: जागा कोणती, टँकरवरचा चार आकडी क्रमांक काय, किती माणसे पडली आहेत, आणि वारा कोणीकडे वाहतो आहे.