पदवी आणि कसब

दरवर्षी अभियांत्रिकीचे निकाल लागले की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली कितीतरी मुले-मुली संगणकाची पदवी घेऊन पुण्याची वाट धरतात. कंपन्या म्हणतात, कामाची माणसे मिळत नाहीत. पदवीधर म्हणतात, काम मिळत नाही. या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? या प्रश्नाचा थोडा विचार आपण करू.

जागा वाढल्या

सांगलीत अभियांत्रिकीचे महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. तेच आजचे वालचंद महाविद्यालय. कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० सालचे. मात्र पुढची वीस-बावीस वर्षे जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशीच स्थिती होती. थोडक्या गुणांनी प्रवेश हुकलेली मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. वसंतदादा सांगलीचेच. त्याच वर्षी वाळवा तालुक्यात साखराळे येथे राजारामबापूंच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. शेतकऱ्याच्या मुलाला घराजवळ राहून अभियंता होता येऊ लागले. हा लाभ लहान नव्हे.

पण इमारती आणि जागा जितक्या झपाट्याने वाढवता येतात, तितक्या झपाट्याने अनुभवी शिक्षक तयार होत नाहीत. संगणक शाखेत तर ज्याला उत्तम प्रोग्राम लिहिता येतो, त्याला उद्योगधंदाच जास्त पगार देऊन ओढून नेतो. मॅकिन्सी या सल्लागार संस्थेने २००५ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील चार अभियंत्यांपैकी साधारण एकच बहुराष्ट्रीय कंपनीत घेण्याजोगा असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा नोकरभरती करणाऱ्यांच्या मुलाखतींवरून काढलेला अंदाज होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही दुखणे कोठे आहे ते त्यावरून समजते.

उणीव नेमकी कशाची?

एक खरे उदाहरण घेऊ. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘झून’ नावाचे गाणी ऐकायचे छोटे यंत्र होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याच्या एका जुन्या प्रकारची यंत्रे ठिकठिकाणी एकदमच बंद पडली. कारण त्यांच्या घड्याळाच्या प्रोग्राममध्ये होते.

१ जानेवारी १९८० पासून किती दिवस झाले, एवढाच आकडा त्या प्रोग्रामकडे असे. त्यावरून चालू वर्ष काढायचे. रीत अशी : उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तोवर एकेका वर्षाचे दिवस वजा करीत जा. साधे वर्ष असेल, तर ३६५ वजा करा. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील, तर ३६६ वजा करा.

आता २००८ हे लीप वर्ष. त्याच्या शेवटच्या दिवशी उरले बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून थांबायचे नाही. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाही करायचे नाही. यंत्र घाण्याच्या बैलासारखे तिथेच फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी, बॅटरी पूर्ण उतरल्यावर पुन्हा सुरू केली तेव्हा ती यंत्रे चालू लागली.

हा प्रोग्राम लिहिणाऱ्याला लीप वर्षाचा नियम माहीत होता. चूक ज्ञानाची नव्हती. काठावरचा आकडा घालून पाहण्याची सवय तेथे कमी पडली. आपल्या परीक्षेत ‘लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम लिहा’ असा प्रश्न येतो आणि पाठ केलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. जर्नल मित्राच्या वहीवरून उतरवून काढले तरी चालते. त्या प्रोग्रामला ३६६ हा आकडा कोणी घालून पाहत नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्याने लिहिलेला हजारो ओळींचा प्रोग्राम वाचायचा असतो, त्यातली चूक हुडकायची असते आणि ती सहकाऱ्याला समजावून सांगायची असते.

ही उणीव भरून काढायला इन्फोसिससारख्या मोठ्या कंपन्या निवडलेल्या पदवीधरांना म्हैसूरच्या केंद्रात काही महिने पुन्हा शिकवतात. ज्यांची निवडच होत नाही, त्यांचा भार घरावर पडतो. पदवीसाठी काढलेले कर्ज फिटलेले नसते, तोच पुण्यातला क्लास, खोलीभाडे आणि खाणावळ यांचा खर्च समोर उभा राहतो.

शाळेत काय करता येईल?

कृष्णाकाठच्या मुलाला पोहणे फळ्यावर शिकवता येत नाही. पाठीला भोपळा बांधून पाण्यातच सोडावे लागते. कसबाचेही तसेच आहे. हा विचार आपल्या भागाला नवा नाही. कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग साताऱ्यात रुजवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर कारखाना उभारला, तोही गावाकडच्या माणसांना हाताला काम देऊन घडवत.

संगणक नसला तरी एका तासिकेत हा प्रयोग करता येईल. नववीच्या वर्गाचे तीन गट पाडा. पहिल्या गटाने ‘वर्षातला अमुकावा दिवस म्हणजे कोणती तारीख?’ हे काढण्याच्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात. दुसऱ्या गटाने त्या बिघडवण्याचा प्रयत्न करावा. ५९, ६०, ३६५, ३६६, अगदी ० सुद्धा घालून पाहावा. साठावा दिवस साध्या वर्षी १ मार्च येतो, लीप वर्षी २९ फेब्रुवारी. तिसऱ्या गटाने पहिल्या गटाला काहीही न विचारता, केवळ कागद वाचून पायऱ्या दुरुस्त कराव्यात. गुण द्यायचे असतील, तर चूक शोधणाऱ्यालाही द्यावेत.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो प्रोग्राम क्षणात लिहून देतात. पण तो ३६६ व्या दिवशी चालेल का, हे विचारणारा माणूस लागतोच. तो घडवायला पदवीपर्यंत थांबण्याची गरज नाही. नववीच्या वर्गात त्याची सुरुवात होऊ शकते.