धुणे : उपचाराचा विसरलेला भाग

पावसाळा आला की डिचोलीतील माझ्या दवाखान्यात खरजेची मुले हटकून येतात. काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एक माता आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली. ‘रोग पुनःपुन्हा उलटतो कसा?’ असे मी काहीसे रागानेच विचारले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘दोतोर, घरात सात माणसे. मलम आम्हा दोघांनाच लावले. बाकीचे म्हणतात, आम्हाला खाज नाही. सगळ्यांचे कपडे एका दिवशी धुवायला सांगता, धुणारी मी एकटी. तुमच्या घरी हे कोण करते?’’

मी निरुत्तर झालो. माझा एप्रनसुद्धा मी कधी धुतला नव्हता.

खरजेचा सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करून राहतो व मुख्यतः निकट स्पर्शाने पसरतो. शरीराबाहेर तो साधारणतः दोन-तीन दिवसच जगतो. म्हणून खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी वैद्यकीय सल्ल्याने एकाच वेळी औषध घ्यावे लागते. त्याच दिवशी, मागील तीन दिवसांत वापरलेले कपडे, टॉवेल, चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. धुता न येणारे सामान काही दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. आपल्याकडे आषाढात ऊन दिसत नाही. अशा वेळी गरम इस्त्री उपयोगी पडते. एवढे काम एका बाईच्याने एका दिवसात कसे व्हावे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीनुसार, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के विनावेतन घरकाम करत होत्या. पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के. काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत, पुरुष ९७.

त्या मातेच्या पतीला व सासूबाईंना मी बोलावून घेतले आणि सूचना त्यांच्या हाती दिल्या. पाणी तापविणे व चादरी पिळणे पतीकडे, घड्या सासूबाईंकडे, प्रत्येकाचे मलम ज्याचे त्याच्याकडे. आठवड्याने औषधाची दुसरी फेरीही झाली. मूल बरे झाले.

तोच धडा मी माझ्या घरी गिरविला. चार वर्षांचे मूल मोज्यांच्या जोड्या लावते, आठ वर्षांचे रुमालांच्या घड्या घालते, बारा वर्षांचे आपला गणवेश वाळत घालते. साबणाची पूड व गरम पाणी मात्र मोठ्यांच्याच हाती असावे. पुरुषाने ‘कोणते धुऊ?’ असे विचारत राहिल्यास लक्ष ठेवण्याचे ओझे पत्नीवरच राहते; एक काम आरंभापासून कपाटापर्यंत त्याने स्वतःकडे घ्यावे. आमच्या घरच्या चादरी आता माझ्याकडे आहेत.

डॉक्टर मित्रांना विनंती एवढीच, की खरजेच्या चिठ्ठीवर औषधाखाली आणखी एक ओळ लिहावी : ‘धुणे – घरातील सर्वांनी.’ आणि ती लिहिण्यापूर्वी आपल्या घरची दोरी एकदा पाहावी.